छेदातली करणी

वानखडे सर एकदा अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याच्या खुर्चीतून उठले आणि गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर आले. दुकानाबाहेरच्या बाकावर बारावीची दोन पोरं नंबराची वाट बघत बसली होती. त्यातल्या एकानं मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि दुसऱ्याला सांगितलं, "टॅन पंच्याहत्तर ना? तीन पॉइंट सात तीन." त्या पोराचा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

"थांबला का तो तिथं?" सरांनी विचारलं. एका गालावर साबणाचा फेस होता, दुसरा गुळगुळीत.

"कोन सर?"

"आकडा. सात तीनवर थांबला का?"

पोरानं मोबाईल पाहिला. "नाही सर. पुढं हाय लय."

"मंग तो थांबला नाही, त तू काऊन थांबला बे?"

एवढं म्हणून सरांनी गालावरचा फेस बोटावर घेतला आणि बंद असलेल्या अर्ध्या शटरवर लिहायला सुरुवात केली. पंच्याहत्तर म्हणजे पंचेचाळीस अधिक तीस. पंचेचाळीसचं टॅन एक, तीसचं एक छेद मूळ तीन. दोघांना सूत्रात घातलं, वर-खाली आवरलं आणि शेवटी शटरच्या कोपऱ्यात उत्तर आलं: दोन अधिक मूळ तीन. "हे घे," सर म्हणाले. "इथं थांबलं. याच्यापुढं काही नाही." मग ते परत खुर्चीत जाऊन बसले. न्हाव्यानं पुन्हा साबण लावला. वरवट बकालमध्ये त्याला याची सवय होती.

मी वानखडे सरांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती कमरेएवढी आहे, त्यामुळे त्यांचं मला बरंचसं ऐकू येतं आणि उरलेलं दिसतं. आम्ही एकाच शाळेत नोकरी केली. ते अकरावी-बारावीला गणित शिकवायचे, मी मराठी. त्यांच्या मते मराठी हा विषय नव्हता, मधली सुट्टी होती. आता दोघेही निवृत्त आहोत, म्हणजे मी निवृत्त आहे. ते नाहीत. त्यांना फक्त वर्ग मिळत नाही.

दशांश चिन्हावर त्यांचा जो राग आहे तो "अंदाजे" या शब्दावरही आहे. मुलगा पुण्याला इंजिनिअर. त्याच्याकडे एकदा मोठ्या तयारीनं राहायला गेले. मुलानं गाडीत बसल्याबसल्या सहज विचारलं, "बाबा, अंदाजे किती दिवस राहाल?" सर तिसऱ्या दिवशी वरवटला हजर. मी विचारलं, काय झालं? "त्याले अंदाज पाहिजे होता," सर म्हणाले. "मी नक्की सांगून आलो."

सरांच्या पत्नी निर्मलावहिनी मात्र तिकडेच आहेत. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या. नातू रांगायला लागला की येते म्हणाल्या. मग चालायला लागला की येते म्हणाल्या. आता तो बालवाडीत जातो आणि त्याला आणायला कोणीतरी लागतं. सर याबद्दल फारसं बोलत नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणतात, "तिची बदली झाली पुन्याले."

त्यांचा दुसरा छंद म्हणजे फोड करणं. जे येत नाही त्याचे, येणारे दोन तुकडे करायचे. वर्गात फळ्यावर एखादा अवघड कोन काढला की खडू त्याच्यावर ठोकून विचारायचे, "हा कोन, कोन हाय?" आमच्या बोलीत कोण आणि कोन यात फरक नाही, त्यामुळे मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. सर हसायचे नाहीत. "याले ओळखता का? नाही. याच्या मायबापाले ओळखता का? हाव. मंग त्यायले इचारा." पंच्याहत्तरचे मायबाप पंचेचाळीस आणि तीस, पंधराचे मायबाप तेच, फक्त वजाबाकीनं. एकदा एका जीपवाल्यानं त्यांना डोणगावचा रस्ता विचारला. सर म्हणाले, "डोणगाव मले ठाऊक नाही. मेहकर ठाऊक हाय. मेहकरपर्यंत मी सांगतो, पुढचं मेहकरवाला सांगन." आणि मेहकरपर्यंतचं इतकं सांगितलं की जीपवाल्यानं इंजिन बंद केलं.

लग्नकार्यात त्यांना माईक देऊ नये, असा गावात अलिखित नियम आहे. त्यामागे कारण आहे. एका लग्नात नवरीच्या बापानं, जुना विद्यार्थी म्हणून, सरांना दोन शब्द बोलायला लावलं. सर म्हणाले, "लोकायले वाटते, दोघं जोडले का साधी बेरीज झाली. नाही. टॅनचं सूत्र पाहा. वर बेरीज असते, पन खाली एकातून दोघायचा गुणाकार वजा होते. म्हनून जोडताना पाहून जोडा. तीस अन् साठ जोडाले गेले, त गुणाकार बरोबर एक होते, खाली शून्य येते, अन् उत्तरच राहत नाही." गणित बिनचूक होतं. पण बोहल्यावरचा नवरदेव जरा थोराड होता आणि वऱ्हाडी मंडळींना वाटलं, सर वयं सांगत आहेत. मंडपात जी बाचाबाची झाली ती मिटवताना माझा सदरा फाटला. सर शेवटपर्यंत विचारत होते, "पन चुकलं काय?"

आता मुख्य गोष्ट. ज्यांचं गणित सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी आधी एक सांगतो. मूळ दोन, मूळ तीन असली जी कधी पूर्ण न सुटणारी मुळं असतात त्यांना शाळेच्या पुस्तकात "करणी" म्हणतात. अपूर्णांकाच्या खालच्या मजल्यावर, म्हणजे छेदात, करणी राहिली तर उत्तर अर्धवट समजतात. ती तिथून काढावी लागते. वानखडे सरांचा या कामात हातखंडा होता आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं एकमेकांना सांगायची, "वरवटच्या वानखडे सरासारखी करणी कोनीच काढत नाही."

हे वाक्य पोरांच्या तोंडून घरी गेलं, घरून विहिरीवर गेलं आणि विहिरीवरून सोनाळ्याला पोचेपर्यंत त्यातलं गणित गळून पडलं होतं.

एका दुपारी सरांच्या ओट्यावर सोनाळ्याच्या, चाळिशीतल्या एक बाई येऊन बसल्या. पदर डोक्यावर, हातात पिशवी. बरोबरची मुलगी फाटकाशीच उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी भिंतीपलीकडे शेंगा निवडत होतो. पुढचं संभाषण मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, त्यात मी काही घातलेलं नाही.

"सर, तुमी करणी काढता म्हंते."

"काढतो ना," सर खुश होऊन म्हणाले. "उभी नोकरी तेच केलं."

"बाकीच्यायले नाही येत म्हंते."

"येते. पन आळस करतात. तशीच ठेवून देतात."

बाईंच्या अंगावर काटा आला असावा. "तशीच ठेवली त काय होते?"

"मार्क जातात."

"गेले ना सर!" बाईंनी कपाळाला हात लावला. "पोट्टी वर्गात पयली येत जाय. आता पार गेले."

"घाबरू नका. करणी हाय कुठं? वर हाय का खाली?"

"खाली. जोत्याखाली पुरली हाय, असं माहे दीर म्हंतात."

"जोत्याखाली" हा शब्द सरांनी ऐकलाच नाही. त्यांना "खाली" पुरेसं होतं. "खाली असन, त काढाच लागते. वर असली त राहू द्या, वर तिचा तरास नाही."

"कशी काढता?"

"तिची जोडी आनाची. दिसाले तशीच, फक्त मधलं चिन्ह उलटं. अन् तिच्यानं वर बी गुणाचं, खाली बी गुणाचं."

"गुण येते ना सर?"

"पद्धतशीर काढली त पैकीच्या पैकी येते."

बाईंनी हात जोडले. मग पिशवीतून एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडायला लागल्या. पाच लिंबं, नारळ, बिब्बे, काळा दोरा आणि कापडाची एक काळी बाहुली. "अमावस्या परवा हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून आजच आली."

सर बाहुलीकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं. मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्द कुठं घसरला ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, पण असा योग रोज येत नाही म्हणून मी गप्प होतो. आता मी शेंगांचं सूप खाली ठेवलं. कारण सरांचा भगत-मांत्रिकांवरचा राग दशांशापेक्षा मोठा आहे. त्यांनी एका भगताला भर बाजारात लिंबातून सुई काढायचं रहस्य समजावून सांगितलं होतं आणि त्याचं त्या दिवशीचं गिऱ्हाईक घालवलं होतं. मी गडगडाटाची वाट बघू लागलो.

सरांनी मुलीकडे पाहिलं. "नाव काय वं तुहं?"

मुलगी जमिनीकडे बघत राहिली.

"किरण," आईनं सांगितलं. "बोलत नाही सर. दिवाळीपासून बोलत नाही. घरात नाही, शेजारी नाही. जेवते, कामं करते, पुस्तक घेऊन बसते. पन तोंडातून शब्द नाही." या बाई म्हणजे सिंधूबाई. नवरा सुरतेला कामावर, वर्षातून दोनदा येणार. घर दीर चालवायचे. लग्नाचं त्यांनी आधीच काढलं होतं; आता म्हणणं होतं की पोरीला बाधा झाली आहे, बाहेर कळायच्या आत उजवून टाकावी. अंजनगावकडचं एक स्थळ त्यांनी पाहूनही ठेवलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बार उडवायचा, कॉलेज आताच बंद करायचं. "तिले मास्तरीण व्हाचं होतं सर," सिंधूबाई म्हणाल्या. "ते म्हंतात, मुकी मास्तरीण कोन ठेवन? म्हनून म्हनलं, करणी निघाली, बोलाले लागली, त दीर ऐकतीन. माह्यानं त्यायच्यापुढं बोलनं होत नाही."

ज्या माणसानं मंडपात नवरदेवासमोर सूत्र सोडलं नाही, तो माणूस आता बाहुलीची घडी घालत होता.

"काढतो," ते म्हणाले.

मी भिंतीवरून आणखी वाकलो.

"पन हे एका बैठकीत निघत नाही. लय जुनी दिसते. रोज चार वाजता पाठवा, वही-पेन घेऊन. बारावीच्या परीक्षेपर्यंत लागन. कॉलेज बंद कराचं नाही, नाही त अर्धवट सुटन. अन् दिरायले सांगा, करणी निघेस्तोवर घरात लग्नाचा शब्द काढाचा नाही. काढला त उलटी फिरते."

"कोनावर?"

"काढनाऱ्यावर," सर म्हणाले.

त्या गेल्यावर मी विचारलं, "सर, हे काय केलं?" सर लिंबं गोळा करत होते. म्हणाले, "खराटे, तिले मी सांगतलं असतं का करणी-बिरणी काही नसते, त ती दुसऱ्याकडं गेली असती. त्यानं पोरीले मिरच्यायची धुरी देली असती. मी गणित देईन." मग आत जाऊन त्यांनी त्या लिंबांचं सरबत केलं. मलाही दिलं. साखर कमी होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. वानखडे सर भगत झाले. ज्यांना त्यांनी आयुष्यभर फळ्यापाशी उभं केलं होतं त्या सगळ्यांना हे ऐकून केवढा आनंद झाला ते मी पाहिलं आहे. पानटपरीवर त्यांना "देवा" म्हणून हाक मारायला लागले. गावातल्या सुधारक पोरांचं एक टोळकं जाब विचारायला आलं. यातल्या अर्ध्या पोरांना सुधारक सरांनीच केलं होतं. "सर, तुमीसुद्धा?" त्यांच्या म्होरक्यानं विचारलं. खरं सांगितलं असतं तर ते पोरगं सोनाळ्याला जाऊन त्याच संध्याकाळी भाषण ठोकून आलं असतं आणि दिरांनी दुसऱ्या दिवशी साखरपुडा उरकला असता. सर मान खाली घालून म्हणाले, "वय झालं बाप्पा." पोरं गेली. सरांचा चेहरा त्या दिवशी मला बघवला नाही. एक दूधवाला म्हैस घेऊन आला, ती पान्हा चोरत होती. त्याला मात्र सरांनी स्पष्ट सांगितलं, "म्हशीची काढत नाही. फक्त छेदातली."

किरण रोज यायची. चारच्या ठोक्याला फाटक वाजायचं. ती ओट्यावर बसायची, सर आरामखुर्चीत. ते तिला बोल असं कधी म्हणाले नाहीत. एकही प्रश्न विचारला नाही. सुरुवातीला थोडा वेळ स्वतःच बोलायचे. तीस, पंचेचाळीस आणि साठ हे तिघे भाऊ कसे, पंधरा कसा पंचेचाळिसातून तीस गेल्यावर उरतो, आणि त्याचं उत्तर दोन वजा मूळ तीन, म्हणजे पंच्याहत्तरच्या उत्तराचंच उलटं, कसं येतं. मग ती लिहायची. सर लांबूनच वहीकडे बघायचे आणि "हाव" किंवा "अं हं" म्हणायचे. दोन माणसं एवढा वेळ इतकं कमी बोलून बसलेली मी पाहिली नव्हती आणि त्यातले एक वानखडे सर होते.

एका दिवशी सरांनी तिला एकशेपाच दिला. साठ अधिक पंचेचाळीस. तिनं सोडवला. करणी खालून काढली, उत्तर आलं: उणे दोन वजा मूळ तीन. पेन खाली ठेवलं. मग ओट्यावरून एक आवाज आला, इतका खरखरीत की मला आधी वाटलं फाटक वाजलं.

"सर, साठचं अधिक हाय. पंचेचाळीसचं अधिक हाय. दोन अधिक जोडले, मंग उणे काऊन आलं?"

सर खुर्चीतून उठले नाहीत. हललेही नाहीत. "कारन वर बेरीज अधिकच हाय," ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले. "पन खाली एकातून गुणाकार वजा कराचा हाय. अन् या दोघायचा गुणाकार एकापेक्षा मोठा झाला. खालचा मजला उणे गेला."

"हाव," किरण म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "हेच इचारलं होतं मी शिकवणीत. ते सर म्हनले, उणे येते म्हंजे येते, लिहून घे, एवढी अक्कल असती त इथं कशाले आली असती. सगळे हसले." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "मंग घरी लग्नाचं चाललं. तिथं बी काऊन इचारलं, त काका बी हसले. मंग म्हनलं, इचाराचंच नाही."

"इचारत जा," सर म्हणाले.

ती गेल्यावर ते भिंतीपाशी आले. "खराटे, उभ्या नोकरीत हा प्रश्न मले कोनं इचारला नाही. सगळ्यायनं उणे चिन्ह लिहून घेतलं." त्यांना फार आनंद झाला होता. मलाही झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

त्यानंतर किरण बोलायलाच लागली. इतकी की सरांना मध्ये शिरायला जागा मिळेना. परीक्षा झाली. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी दीर स्वतः आले, सिंधूबाईंना मागे घेऊन. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"पोट्टी बोलून राह्यली सर. मंग करणी निघाली समजाचं ना? आखाजीची तारीख धरतो."

आता नाही म्हणावं तर अख्खं सोनाळा किरणचं बोलणं ऐकत होतं, आणि हो म्हणावं तर बार उडालाच. सरांनी आढ्याकडे पाहिलं.

"खालची निघाली," ते म्हणाले. "पन खालची काढली का ते वर जाते. आता वर हाय."

"वर म्हंजे?"

"डोक्यात. तिथं तरास देत नाही, उलट चांगली असते. पन जागा बदलली पाहिजे. उगवतीकडं. अमरावती चालन. कॉलेजच्या होस्टेलात, पदवी होईस्तोवर. त्याच्याआधी बोहल्यावर चढवली..." सरांनी वाक्य पुरं केलं नाही.

"भावजी, सर म्हंते तसंच करा," मागून सिंधूबाईंचा आवाज आला, पहिल्यांदाच मोठ्यानं. "उलटी फिरली त घरावर यिन." दिरांनी वळून पाहिलं. सिंधूबाईंनी पदर तोंडावर घेतला होता. मला भिंतीवरून बाजूनं दिसत होतं. त्या हसत होत्या. केव्हापासून त्यांना सगळं ठाऊक होतं, ते मी कधी विचारलं नाही.

किरण अमरावतीला गेली. सरांची भगतगिरी बंद झाली, पण नाव काही परत आलं नाही. "देवा" तसंच राहिलं. त्याचं त्यांना काही वाटत असेल असं दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच. चार वाजले की ते ओट्यावर येऊन बसायचे आणि पाच वाजता आत जायचे. पोरं समोरून वाटेल ते आकडे बोलत जायची, सर मान वर करायचे नाहीत. खानावळीतला जेवणाचा डबा मी कधी कधी तसाच परत जाताना पाहिला. एका संध्याकाळी भिंतीपाशी येऊन म्हणाले, "खराटे, एखादी कविता म्हना ना." तेव्हा मात्र मी घाबरलो.

दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन सिंधूबाई आल्या तेव्हा दिवस कलत आला होता. मी सरांकडेच बसलो होतो. किरणला वसतिगृह आवडलं होतं, ती तिथं सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करत होती, हे त्यांनी सांगितलं. सर ऐकत होते. शेव त्यांनी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"काय झालं सर? लय उतरले," सिंधूबाई म्हणाल्या.

सर हसले. "बाई, तुमच्या पोरीची करणी काढली, ते माह्यावर आली वाटते. काही गोडच लागत नाही. चार वाजले का बोलावं वाटते, अन् समोर कोनी नसते."

ते थट्टेत म्हणाले. मीही हसलो. सिंधूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, सरांच्या स्वयंपाकघरात गेल्या, मुठीत मीठ-मोहऱ्या आणि वाळल्या मिरच्या घेऊन आल्या. "सर, सरळ बसा."

भर बाजारात भगताला उघडं पाडणारे वानखडे सर सरळ बसले. डोळे मिटून घेतले. सिंधूबाईंनी त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या, हलक्या हातानं कपाळाला मूठ टेकवली. मग गॅसवर तवा ठेवून सगळं त्यावर टाकलं. आमच्याकडे समजूत अशी की दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही. धुराचा लोट आला आणि आम्ही तिघेही खोकून बेजार झालो.

सिंधूबाईंनी गॅस बंद केला. पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "ठसका लागला सर. म्हंजे दृष्ट नाही, करणी नाही, काही नाही. घरात मानूस नाही, तेवढंच हाय."

मी खिडकी उघडायला उठलो. वळलो तर सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारधर्म म्हणून मी म्हणालो, "मिरच्या लयच तिखट आहेत हो तुमच्या."

"मिरच्यायनं नाही," सर म्हणाले, आणि डोळे न पुसता तसेच बसून राहिले.